चोपन्न फोन, दोन मॉडेल आणि एक तारीख: दुरुस्तीच्या हक्काचा कायदा प्रत्यक्ष कामात कुठवर पोचला

पार्श्वभूमी

कॅलिफोर्नियातली ही संस्था घरोघरी जाऊन रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका पुरवते. प्रत्येक परिचारिकेकडे संस्थेचा एक फोन असतो. रुग्णाची नोंद, औषधांच्या वेळा, पुढच्या घराचा पत्ता, सगळे त्याच्यावरच. एकूण ५४ फोन, एकाच कंपनीचे, पण दोन मॉडेलांचे: जुन्या मॉडेलचे २१ आणि नव्याचे ३३. जुने मॉडेल २०२० मध्ये बाजारात आले, नवे २०२२ मध्ये. संस्थेने मात्र दोन्ही खेपा २०२२ मध्येच विकत घेतल्या होत्या. हा तपशील लक्षात ठेवावा, कारण पहिली चूक इथेच झाली.

काम ज्यांच्याकडे आले ते दोन कारागिरांचे स्वतंत्र दुकान. कंपनीचे अधिकृत सेवा केंद्र नव्हे. संस्था, दुकान आणि कंपनी या तिघांचीही नावे इथे वगळली आहेत. काम २०२५ च्या सुरुवातीचे, म्हणजे राज्याचा दुरुस्तीच्या हक्काचा कायदा लागू होऊन सहा-सात महिने झाल्यानंतरचे.

अडचण

मुख्य आजार बॅटरीचा. दहा तासांच्या पाळीत दुपारी तीनच्या सुमारास फोन मान टाकायचे. कित्येक फोन तर पडद्यावर २५ टक्के दिसत असतानाच बंद पडत. याचे कारण साधे आहे. लिथियम बॅटरी म्हातारी होते तशी तिची साठवण घटतेच, पण आतला रोधही वाढतो. कॅमेरा किंवा नकाशा सुरू झाला की फोन एकदम जास्त वीज ओढतो, व्होल्टेज क्षणभर खाली बसते आणि फोन स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. टक्केवारी खोटी नसते, पण ती पुरीही नसते.

दुकानाने सगळे फोन तपासून बिघाडांची वर्गवारी केली. नव्या मॉडेलमध्ये १९ फोनांना फक्त बॅटरी हवी होती, ६ जणांचे डिस्प्ले फुटलेले, ५ जणांचे चार्जिंग अडलेले आणि ३ पूर्ण मेलेले. जुन्या मॉडेलमध्ये १५ बॅटऱ्या, ४ डिस्प्ले आणि २ मेलेले मदरबोर्ड.

कायदा काय देतो

हा कायदा म्हणजे कॅलिफोर्नियाचे सिनेट बिल २४४. त्यावर १० ऑक्टोबर २०२३ रोजी सही झाली आणि १ जुलै २०२४ पासून ते लागू झाले. किरकोळ विक्रेत्याला पडणारी घाऊक किंमत ५० ते ९९.९९ डॉलर असेल, तर त्या मॉडेलचे उत्पादन थांबल्यावर ३ वर्षे आणि १०० डॉलर किंवा त्याहून जास्त असेल तर ७ वर्षे, कंपनीने सुटे भाग, हत्यारे आणि दुरुस्तीची माहितीपत्रके मालकाला आणि स्वतंत्र दुकानांना रास्त अटींवर द्यायची. नियम मोडल्यास शहर, काउंटी किंवा राज्य यांपैकी कुणीही न्यायालयात जाऊ शकते. दंड पहिल्या वेळी दिवसाला १,००० डॉलर, दुसऱ्या वेळी २,००० आणि त्यानंतर ५,०००.

या कायद्याबद्दल एक गोष्ट आधी समजून घेतली नाही तर पुढचे सगळे चुकते. तो बरोबरीचा कायदा आहे. कंपनी आपल्या अधिकृत केंद्राला जे देते ते इतरांनाही दे, एवढेच तो सांगतो. अधिकृत केंद्रालाच जी वस्तू मिळत नाही, ती या कायद्याने कुणालाच मिळत नाही. फोन उघडायला सोपा करा, बॅटरी चिकटवू नका, असेही तो सांगत नाही. या प्रकरणात जे जमले आणि जे अडले, ते दोन्ही इथूनच आले.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सरळ होता: सगळे फोन बदलायचे. ४३० डॉलरचा एक, म्हणजे ५४ फोनांचे २३,२२० डॉलर. संस्थेच्या हिशेबनीसांचा कल याच बाजूला होता, कारण यात एकच बिल आणि एकच दिवस.

दुसरा, अधिकृत केंद्राकडे टपालाने पाठवणे. प्रत्येक फोनला नऊ ते बारा दिवस, आणि पाठवण्याआधी फोन पूर्ण पुसून द्यायचा. फोनवर रुग्णांची माहिती असल्याने पुसणे योग्यच, पण पुन्हा उभारणीला प्रत्येकी तासभर लागे आणि बदली फोन फक्त चार होते.

तिसरा, स्वतंत्र दुकान आणि कंपनीचे मूळ सुटे भाग. चौथा, स्वतंत्र दुकान आणि सगळीकडे इतर उत्पादकांचे स्वस्त भाग. चौथा सर्वांत स्वस्त दिसत होता. दुकानानेच तो नाकारला. दिवसभर माणसाच्या खिशात राहणाऱ्या वस्तूत कुठून आली हे ठाऊक नसलेली बॅटरी घालायची नाही, हे त्यांचे म्हणणे रास्त होते.

तिसरा पर्याय ठरला. दुकानाने ५४ फोनांचा अंदाज दिला, मुदत चार आठवडे.

पहिला निर्णय, आणि तो का फसला

अंदाज देताना दुकानाने खरेदीची पावती पाहिली. पावतीवर २०२२ होते. कायद्यातली सीमारेषा १ जुलै २०२१ ची. म्हणून सगळे ५४ फोन कायद्यात बसतात असे धरले गेले.

पण कायदा तुम्ही फोन कधी घेतला हे विचारतच नाही. ते मॉडेल पहिल्यांदा कधी बनले आणि राज्यात पहिल्यांदा कधी विकले किंवा वापरले गेले, हे तो पाहतो, आणि दोन्ही १ जुलै २०२१ रोजी किंवा त्यानंतर असावे लागते. २०२० चे मॉडेल २०२२ मध्ये नवेकोरे घेतले तरी ते बाहेरच. कंपनीच्या भागविक्रीच्या संकेतस्थळावर जुन्या मॉडेलचा आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनाचा स्वतंत्र ओळख-क्रमांक) टाकल्यावर एकही भाग दिसेना, तेव्हा ही गोष्ट उघड झाली. २१ फोनांचा अंदाज रद्द करून नव्याने मांडावा लागला आणि एक आठवडा वाया गेला.

नव्या मॉडेलचे काम

इथे कायद्याने खरोखर दार उघडले. पूर्ण माहितीपत्रक मिळाले: कोणता स्क्रू कुठला, कोणती पट्टी कोणत्या क्रमाने काढायची, कुठे किती उष्णता. मूळ बॅटरी ४४ डॉलरला सुटी मिळाली. अट एकच: प्रत्येक मागणी एका ठरावीक आयएमईआय क्रमांकाशी बांधलेली. दहा बॅटऱ्या कपाटात आणून ठेवता येत नाहीत. भाग तीन ते नऊ कामकाजी दिवसांत येत, त्यामुळे फोन आधी तपासून, मागणी नोंदवून परिचारिकेला परत द्यायचा आणि भाग आल्यावरच बोलवायचा, असा क्रम लावला. फोन हातातून जाण्याचा काळ त्यामुळे दोन तासांवर आला.

बॅटरी बदलण्याची रीत अशी. फोन २५ टक्क्यांच्या खाली उतरवायचा, म्हणजे चुकून टोचले तरी आगीची तीव्रता कमी राहते. कडा गरम करायच्या, सक्शन कपने उचलायचे आणि प्लॅस्टिकची पातळ पात आत घालायची, पण तीन मिलिमीटरपेक्षा खोल नाही, कारण कडेलगतच रिबन केबल असते. झाकण निघाले की सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा. स्क्रू ज्या जागेचे तिथेच ठेवायचे. दोन स्क्रूंच्या लांबीत अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी फरक असतो, आणि लांब स्क्रू आखूड जागी आवळला तर तो मदरबोर्डचे आतले थर चिरतो. फोन त्याच क्षणी मरतो आणि दोष बॅटरीवर जातो.

बॅटरीखालच्या ताणून काढायच्या पट्ट्या हळू, जवळजवळ आडव्या ओढायच्या. १९ पैकी ७ फोनांत त्या तुटल्या, कारण जुना गोंद कडक झालेला. तिथे ९० टक्क्यांहून जास्त शुद्धतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचे चार-पाच थेंब कडेने सोडायचे, दोन मिनिटे थांबायचे आणि प्लॅस्टिकच्या कार्डाने हळूहळू सोडवायचे. धातूचे हत्यार इथे कधीही नाही. टेबलाशेजारी कोरड्या वाळूची बादली होती.

पहिल्या फोनाला ३५ मिनिटे लागली, दहाव्यापासून २२. मग शेवटचा टप्पा: जोडणी. बॅटरीतल्या चिपमध्ये एक अनुक्रमांक असतो आणि मदरबोर्डला जुनाच ठाऊक असतो. दोघांची ओळख कंपनीच्या सर्व्हरवरून करून द्यावी लागते. ती झाली नाही तर बॅटरी चालते, पण ‘अनोळखी भाग’ असा इशारा येतो आणि बॅटरीची तब्येत दिसत नाही. एकेका फोनाला पंधरा मिनिटे.

डिस्प्लेची गोष्ट वेगळी. तो सुटा मिळत नव्हता. डिस्प्ले, चौकट आणि बॅटरी एकत्र चिकटवलेली असेंब्लीच मिळे, १८९ डॉलरला. अधिकृत केंद्रालाही तीच मिळते, म्हणून तक्रारीला जागा नव्हती. दुकानाने यातून बरा मार्ग काढला. ६ फुटक्या फोनांपैकी ४ जणांच्या बॅटऱ्या तशाही उतरलेल्या होत्या. त्यांना असेंब्ली म्हणजे दोन्ही कामे एकदम. उरलेल्या दोघांच्या चांगल्या बॅटऱ्या मात्र नाहक निघाल्या. त्या दुसऱ्या फोनांत बसवल्या असत्या तर जोडणीच झाली नसती.

चार्जिंग अडलेल्या ५ पैकी २ फोनांना भाग लागलाच नाही. पोर्टच्या तळाशी खिशातला कापूस घट्ट बसला होता, लाकडी दातकोरणीने निघाला. उरलेल्या तिघांचा चार्जिंग बोर्ड २८ डॉलरला मिळाला.

मेलेल्या ३ फोनांपाशी मात्र काम थांबले. तिन्हींत बहुधा पॉवरच्या वाटेवरचा एखादा कपॅसिटर, म्हणजे क्षणभर वीज साठवणारा बारीक भाग, शॉर्ट झालेला. ही दुरुस्ती हातातली असते, पण त्यासाठी सर्किटचा आराखडा आणि तो बारीक भाग लागतो. अधिकृत केंद्र अख्खा मदरबोर्ड बदलते, त्यामुळे त्याला आराखडा मिळत नाही आणि म्हणून इतरांनाही नाही. मदरबोर्डची किंमत ३१० डॉलर. ४३० च्या फोनासाठी तो खर्च कुणालाच पटला नाही.

काय बिघडले

दोन गोष्टी. पहिली, जोडणी ४ फोनांत अर्ध्यावर अडली. संस्थेने फोनांवर नियंत्रणाचे सॉफ्टवेअर बसवले होते आणि ते फोनाला दुरुस्तीच्या अवस्थेत जाऊ देत नव्हते. बंधन काढायचा अधिकार एकाच माणसाकडे आणि तो रजेवर. दोन दिवस गेले.

दुसरी गंभीर. बॅटरीच्या पाकिटात पाणी रोखणारी कडेची गॅस्केट येत नाही, ती वेगळी मागवावी लागते. पहिले ६ फोन साध्या दुहेरी टेपने बंद झाले. परिचारिका प्रत्येक घरातून निघताना फोन ओल्या जंतुनाशक फडक्याने पुसतात. तीन आठवड्यांत एका फोनाच्या कॅमेऱ्याच्या काचेआड धुके दिसू लागले. सहाही फोन परत बोलावून मूळ गॅस्केट लावली, क्लॅम्पखाली अर्धा तास दाबून ठेवले. खर्च दुकानाने सोसला, आणि तेच योग्य होते. फोन कुठल्या वापरातला आहे हे कारागिराने विचारायलाच हवे.

त्याच्या जोडीला फुगलेल्या ३ बॅटऱ्यांचा पेच. जुनी बॅटरी परत केली की कंपनी काही रक्कम वळती करते. पण फुगलेली किंवा इजा झालेली लिथियम बॅटरी विमानाने पाठवता येत नाही आणि जमिनीवरून पाठवायलाही खास आवरण लागते. आवरणाचा खर्च परताव्याहून जास्त. त्या बॅटऱ्या वाळूच्या धातूच्या डब्यात दुकानाबाहेर ठेवल्या आणि घातक कचऱ्याच्या संकलनात दिल्या.

जुन्या मॉडेलचे काय केले

इथे कायदा नव्हता, तेव्हा निवडच करायची होती. दुकानाने दोन पुरवठादारांकडून प्रत्येकी तीन बॅटऱ्या नमुन्याला मागवल्या. वेष्टनावर सगळीकडे क्षमता ३,१०० मिलिअँपिअर-तास. मोजल्यावर पहिल्याच्या ३,०२० ते ३,०६० भरल्या. दुसऱ्याच्या २,५६०, २,६१० आणि २,९८०, आणि एकीच्या चिपमध्ये ४१ चार्जिंग-फेऱ्यांची नोंद, म्हणजे वापरलेली बॅटरी नव्या वेष्टनात. पहिल्या पुरवठादाराकडे वाहतुकीसाठीच्या यूएन ३८.३ चाचणीचा अहवालही होता. १५ बॅटऱ्या त्याच्याकडून, २६ डॉलरला एक.

जुन्या बॅटरीची चिपपट्टी काढून नवीवर डाग देऊन बसवली की ‘अनोळखी भाग’ हा इशारा येत नाही. काही ठिकाणी असे सर्रास करतात. दुकानाने केले नाही, कारण त्या पट्टीवरच बॅटरीचे सुरक्षा-सर्किट असते आणि डाग कच्चा राहिला तर तेच निकामी होते. मग इशारा तसाच राहिला. तब्येतीचा आकडा दिसत नसल्याने प्रत्येक फोनाची मोजलेली क्षमता कामाच्या कागदावर लिहून दिली आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजायचे ठरले.

कायदा स्वतंत्र दुकानालाही एक कर्तव्य सांगतो: आपण अधिकृत नाही हे ग्राहकाला लेखी कळवायचे, आणि वापरलेला किंवा दुसऱ्या उत्पादकाचा भाग लावला तर तेही. दुकानाने ते प्रत्येक फोनाच्या क्रमांकासमोर लिहिले. सक्तीमुळे सुरू झालेला हा कागद पुढे सगळ्यात उपयोगी पडला.

चार फुटक्या डिस्प्लेंपैकी दोन ठिकाणी मेलेल्या दोन फोनांचे मूळ डिस्प्ले बसवले. तिथेही इशारा आला आणि रंगांचे आपोआप जुळणे गेले, पण परिचारिकेच्या कामाला त्याने बाधा नव्हती. बाजारातले स्वस्त एलसीडी प्रकारचे डिस्प्ले लावायचे नाहीत असे ठरले. मूळ ओएलईडी डिस्प्लेपेक्षा ते जास्त वीज खातात, म्हणजे मूळ दुखणे पुन्हा मागच्या दाराने आत.

निष्पत्ति

५४ पैकी ४७ फोन कामावर परतले, ७ बाद झाले. दुरुस्तीचा खर्च ४,१४४ डॉलर, ७ नव्या फोनांचे ३,०१०, मिळून ७,१५४. सगळे नवे घेतले असते तर २३,२२०. मुदत मात्र चार आठवड्यांऐवजी सात आठवड्यांवर गेली.

सहा महिन्यांनी मोजले तेव्हा मूळ १९ बॅटऱ्यांपैकी एकही ९३ टक्क्यांच्या खाली नव्हती. इतर उत्पादकाच्या १५ पैकी २ जणी ८४ टक्क्यांवर आल्या होत्या आणि एक फुगू लागली होती. कागदावर कोणत्या फोनात कोणती खेप हे लिहिलेले असल्याने त्या खेपेचे उरलेले फोन त्याच आठवड्यात बोलावून तपासता आले.

वेगळे काय करता आले असते

मॉडेलची पहिली तारीख अंदाज देण्याआधी पाहायला हवी होती. एका आयएमईआय क्रमांकाचा दोन मिनिटांचा शोध पुरला असता. नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरमधला अडसर पहिल्याच फोनावर कळला असता, जर पहिला फोन अगदी जोडणीपर्यंत पूर्ण करून मगच पुढचे उघडले असते. दुकानाने घाईत सहा फोन एकदम उघडले, आणि गॅस्केटची चूकही त्याच सहांत झाली.

हेच काम दुसऱ्या कायद्याखाली कसे झाले असते? अमेरिकेतल्याच ओरेगॉन राज्याचा कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे आणि त्या तारखेनंतर बनलेल्या उपकरणांत भाग असे जोडून काम अडवण्याला तो मनाई करतो. तिथे नव्या पिढीच्या फोनात त्या दोन चांगल्या बॅटऱ्या वाया जाण्याचे कारण उरत नाही. या संस्थेचे २०२२ चे फोन मात्र तिथेही त्या कलमाबाहेरच. युरोपीय संघाने वेगळी वाट धरली आहे. २० जून २०२५ पासून विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनांची बॅटरी ८०० फेऱ्यांनंतरही किमान ८० टक्के क्षमतेची हवी आणि विक्री थांबल्यावर ७ वर्षे सुटे भाग मिळायला हवेत. फेब्रुवारी २०२७ पासून तर वापरणाऱ्याला स्वतः बॅटरी काढता यावी, असा त्यांचा बॅटरी-नियम आहे. ही बरोबरीपलीकडची मागणी आहे, ती थेट फोनाच्या घडणीला हात घालते.

संस्थेने ७ नवे फोन घेताना दुकानाला सोबत बसवले आणि विक्रेत्याला चार प्रश्न लेखी विचारले. मॉडेल पहिल्यांदा कधी बनले? बॅटरी आणि डिस्प्ले सुटे मिळतात का? जोडणीला कंपनीचा सर्व्हर लागतो का? गॅस्केट कोणत्या पाकिटात येते? पहिल्या पसंतीचा फोन दुसऱ्या प्रश्नावर बाद झाला. घेतलेल्या फोनाची बॅटरी चार स्क्रूंवर बसते.